पाहुण्याची आयाळ

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली आणि मिरची घरी आली ती पाहुण्याला कडेवर घेऊनच. दारातच पाय रोवून ती ओरडली, "आई, पाहुणा आलाय! आधी दोरीवरचे कपडे काढ!"

"पाहुण्यानं काय कधी कपडे बघितले नाहीत?" आई आतून म्हणाली. पण तिनं कपडे काढले.

पाहुणा म्हणजे कापूस भरलेला सिंह होता. मांडीत मावेल एवढा, अंगानं पिवळट, आणि मानेभोवती तांबूस लोकरीची ही एवढी आयाळ. शहरातल्या एका शाळेच्या चौथीच्या वर्गानं आपला हा लाडका सोबती गावोगावच्या शाळा बघायला धाडला होता. एका शाळेत थोडे दिवस मुक्काम, की पुढची शाळा. मिरचीच्या शाळेत तो डोंगरापलीकडच्या शाळेतून आला होता, बाईंच्या पिशवीत बसून. रोज एका मुलाच्या घरी वस्तीला जायचं आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलानं वर्गापुढे उभं राहून पाहुण्यानं काय काय केलं ते सांगायचं, असा नेम होता. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा मिरचीची चिठ्ठी नेमकी सगळ्यात शेवटी निघाली. सोमवारी शहरातली मुलं बाईंच्या फोनवर पाहुण्याला भेटणार होती आणि मग त्याचं गाठोडं पुढच्या गावाला निघणार होतं.

तोपर्यंत मिरचीनं बाकीच्यांची भाषणं ऐकून ऐकून दात खाल्ले होते. ट्रॅक्टरवाल्यांकडे पाहुणा ट्रॅक्टर चालवून आला होता. पोस्टमनकाकांच्या नातीकडे तो काकांच्या जुन्या खाकी थैलीतून गावभर हिंडला होता. गिरणीवाल्याच्या जुळ्या मुलींनी तर त्याला काट्यावर बसवून त्याचं वजन केलं होतं.

"आणि आपल्याकडे काय आहे दाखवायला?" मिरचीनं वडिलांना विचारलं.

"काय म्हणजे? आपल्याकडे आख्खं सलून आहे!"

घराची पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान. दारावर पाटी होती, 'न्यू फॅशन हेअर कटिंग सलून', आणि त्या पाटीमुळे गावात त्याला न्यूफॅशन याच नावानं हाक मारायचे. गावात आधी कुठली जुनी फॅशन होती, हे कोणाला सांगता आलं नसतं. माणूस मनानं सरळ आणि हातानं चलाख होता. जगातलं कुठलंही डोकं थोडं इकडून, थोडं तिकडून कापलं की ठीक होतं, यावर त्याची श्रद्धा होती. त्याच्या आयुष्यात सल एकच होता, आणि तो म्हणजे गिरणीवाला. मेव्हण्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी गिरणीवाल्याचे केस न्यूफॅशननं बोलता बोलता जरा जास्तच बारीक केले होते. लग्नातल्या सगळ्या फोटोंत गिरणीवाला आजारातून उठल्यासारखा दिसत होता. तेव्हापासून तो तालुक्याला जाऊन केस कापून घेई. त्यानं ते मानेपर्यंत वाढवले, मेंदी लावून तांबडे केले, आणि सलूनवरून जाताना मुद्दाम त्यांतून हात फिरवायची सवय लावून घेतली. तो हात न्यूफॅशनच्या काळजावरून फिरत असे.

तर मिरचीनं फर्मान काढलं. पाहुण्याला खुर्चीत बसवायचं, गळ्याला पांढरं कापड बांधायचं, आणि एक फोटो काढायचा.

"फक्त फोटो हं बाबा. कात्री हातात धरायची, पण चालवायची नाही."

"अगं, मी काय वेडा आहे का?"

लहान मुलांसाठी खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायची फळी असते, ती टाकली. तीवर पाहुणा बसला. कापड बांधलं, फोटो निघाला. फोटोत पाहुणा गंभीर आणि न्यूफॅशन हसरा, असा छान बेत जमला. तेवढ्यात आईची हाक आली, "मिरचे, आधी हातपाय धू आणि जेवून घे. पाहुणा पळून जात नाही."

मिरची आत गेली. दुकानात उरले दोघंच.

आता कारागिराच्या खुर्चीत डोकं बसलेलं असावं, गळ्याला कापड असावं, हातात कात्री असावी, आणि गिऱ्हाईक गप्प असावं. असा योग वरचेवर येत नाही. तरी न्यूफॅशननं कात्री खाली ठेवली आणि नुसता कंगवा उचलला. विंचरायला काय हरकत आहे? गावभर हिंडून पाहुण्याची आयाळ पार पिंजारली होती. सोमवारी शहरातली मुलं म्हणायची, आमच्या पाहुण्याची काही निगा राखली नाही.

कंगवा दोनदा नीट फिरला. तिसऱ्यांदा डाव्या कानामागे अडकला. तिथे सुपारीएवढी गाठ होती, दगडासारखी कडक. न्यूफॅशननं पाणी फवारलं, तर ती चिकट झाली. तेल लावलं, तर ती चिकटही राहिली आणि तेलकटही झाली. ओढून पाहिलं, तर पाहुण्याची मान एका बाजूला आली.

"एवढी गाठ तेवढी काढतो," तो पाहुण्याला म्हणाला. पाहुणा काही बोलला नाही.

गाठ निघाली आणि त्या जागी खळगा पडला. मग उजवी बाजू डावीइतकी करणं भाग होतं. ती केली तर डावी किंचित लांब वाटायला लागली. डावी बारीक केली तर वरचा झुपका उठून दिसायला लागला. झुपका बसवावा तर हनुवटीखालची दाढी एकदम मोठी झाली. न्यूफॅशन मागे सरून आरशात बघे, मान वाकडी करी, आणि पुन्हा पुढे होऊन 'थोडं इकडून' करी. आयुष्यभर याच रीतीनं त्यानं गावाची डोकी सारखी केली होती. फरक एवढाच, की गावातली डोकी मध्येच "बास आता!" म्हणत.

शेवटी आयाळीची बोटभर किनार उरली. ती तरी सफाईदार करावी म्हणून त्यानं मागून एक लोंबता दोरा कापला. तो दोरा नेमका आख्ख्या आयाळीचा निघाला. किनार सुळकन उसवली आणि पांढऱ्या कापडावरून घसरत खाली, सकाळपासूनच्या गिऱ्हाइकांच्या केसांत जाऊन पडली. फळीवर उरला दोन टोकदार कानांचा, गुळगुळीत डोक्याचा, अतिशय दीनवाणा एक प्राणी. त्याच्या मानेभोवती काळ्या दोऱ्याचे जाड टाके तेवढे दिसत होते.

आणि तेव्हाच मिरची आली.

न्यूफॅशनचं डोकं चालत नव्हतं, पण हात सवयीनं चालले. त्यानं खुर्ची फिरवली आणि छोटा आरसा पाहुण्याच्या मानेमागे धरला, पाठीमागची बाजू दाखवायला.

मिरची बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "बाबा, परत कधी उगवतील?"

या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडात कायम तयार असे. "पंधरा दिवसांत, बघता बघता." रडक्या पोरांना, रागावलेल्या नवरदेवांना, सगळ्यांना त्यानं ते देऊन वाटेला लावलं होतं. आज तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मिरची रडली असती, आदळआपट केली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. तिला मिरची म्हणायचे ते काही उगाच नाही. पण ती एक शब्द बोलली नाही. पाहुण्याला उचलून आत गेली आणि आपल्या मफलरात गुंडाळून कोपऱ्यात बसली.

"शाबास!" बायको म्हणाली. "दारी आलेल्या पाहुण्याची कोणी अशी हजामत करतं का हो?"

"अगं, गाठ होती."

"गाठ होती तर मला सांगायचं. मी सुईनं सोडवली असती. तुमच्या हातात कात्री असली की तुम्हाला दुसरं काही सुचत नाही. आता सोमवारी ही काय सांगणार वर्गात? पाहुणा आमच्याकडे आला आणि भादरून गेला?"

न्यूफॅशननं झाडू न मारता मान खाली घालून जमिनीवरची लोकर वेचायचा प्रयत्न केला. पण ती काळ्यापांढऱ्या केसांत, पावडरीत आणि तेलात अशी मिसळली होती, की वेचलेल्या मुठीकडे बघून मांजरानंही नाक मुरडलं असतं.

रविवार उजाडला. रविवार म्हणजे सलूनचा बाजाराचा दिवस. बाकावर जागा मिळत नाही, आणि ज्यांना केस कापायचे नसतात तेही पेपर वाचायला येऊन बसतात. न्यूफॅशननं पाहुण्याला फडताळात टॉवेलखाली झाकून ठेवलं होतं. बायकोला काही सुचतंय का, याची तो वाट बघत होता. किराणा दुकानातली लोकर आणून झाली होती, पण ती होती गुलाबी आणि पोपटी. मिरचीनं दोन्ही रंगांकडे बघून नुसती मान हलवली होती. बोलणं अजून बंदच होतं.

पेपर वाचून संपला की पोस्टमनकाकांचे हात शिवशिवतात. त्यांनी टॉवेल उचलला. "अरे, हे मांजर कुणाचं?"

"मांजर नाही काका, सिंह आहे तो."

"सिंह? मग याची आयाळ कुठाय?"

"ती..." न्यूफॅशननं वस्तरा उगाचच पट्ट्यावर घासला. "ती काल कापली."

मग ट्रॅक्टरवाला असा हसला, की त्याच्या अर्धवट साबण लावलेल्या गालावरून फेस उडून आरशावर बसला. त्यानंतर जो तो उठला आणि पाहुण्याला बघून आला. सल्ल्यांना ऊत आला. कोणी म्हणालं, गादीतला काथ्या लावा. कोणी म्हणालं, जुनी केरसुणी उसवा. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "टोपी घाला एक. थंडी वाजत होती म्हणून सांगा." मिरची आतल्या दारात उभी राहून प्रत्येक सूचनेवर मान हलवत होती. आडवी.

"तुमचीही कमाल आहे," पोस्टमनकाका म्हणाले. "केसांच्या दुकानात बसलात आणि केस शोधताय?"

सगळ्यांनी खाली बघितलं. जमिनीवर केसांचे ढीग होते. पण काळे, नाहीतर पांढरे.

"सिंहाला काळी आयाळ चालेल?" न्यूफॅशननं आशेनं विचारलं.

मान आडवी.

"तांबूस हवी," काका म्हणाले. "तांबूस, लांब, जरा फुगलेली. आता आपल्या गावात असे केस..."

तेवढ्यात बाहेरून स्कूटर गेली. स्कूटरवर गिरणीवाला होता. वाऱ्यावर त्याचे मेंदी लावलेले केस भुरभुरत होते. सलूनपाशी येताच त्यानं नेहमीसारखा एक हात सोडला आणि केसांतून फिरवला. दुकानातल्या सगळ्या माना एका लयीत डावीकडून उजवीकडे वळल्या.

"नाही," न्यूफॅशन म्हणाला. "मेलो तरी त्याच्या दारात जाणार नाही."

मिरचीनं बापाकडे बघितलं. नुसतं बघितलं. न्यूफॅशननं गळ्यातला टॉवेल काढला, खुर्चीतल्या अर्ध्या दाढीच्या ट्रॅक्टरवाल्याला "आलोच" म्हणून सांगितलं आणि निघाला.

गिरणी चालू होती. डबे घेऊन बायका रांगेत उभ्या होत्या, आणि पट्ट्याचा असा धडधडाट चालला होता, की शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येत नव्हतं. न्यूफॅशनला ते बरंच वाटलं. असली विनंती चारचौघांत करण्यापेक्षा आवाजात बुडवून केलेली बरी.

"जरा काम होतं!" तो गिरणीवाल्याच्या कानाशी ओरडला.

"काय?"

"काम होतं! तुझ्याकडे!"

"दळण ठेव आणि जा!"

"दळण नाही! केस!"

"कसली केस? कोर्टात?"

"अरे, मला," न्यूफॅशननं छाती भरून श्वास घेतला. गिरणीवाल्यानं नीट ऐकावं म्हणून त्याच क्षणी बटण दाबून गिरणी बंद केली. "मला तुझे केस पाहिजेत!"

हे वाक्य त्या शांततेत चांगलं गिरणीभर घुमलं. एका बाईच्या हातातला डबा निसटला.

गिरणीवाल्यानं आधी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मग तो लाल झाला. "म्हणजे इतकी वर्षं मनात ठेवून होतास तर! फोटो बिघडवलेस माझे, तेवढ्यानं भागलं नाही का तुझं?"

न्यूफॅशननं नाक मुठीत धरून सगळी हकिगत सांगितली. पहिल्या फवाऱ्यापासून शेवटच्या दोऱ्यापर्यंत. रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. गिरणीवाल्याचा राग हळूहळू उतरून त्या जागी आनंद पसरत चालला होता.

"म्हणजे सिंहाचंही वाटोळं केलंस! माझी गोष्ट वेगळी, मी माणूस तरी आहे. वाढले माझे. नाही लेका, एक केस देणार नाही."

न्यूफॅशन परत वळला. मग काहीतरी आठवून त्यानं खिशातून, कापलेली गाठ ठेवलेली कागदाची पुडी काढली. "तुझंही बरोबरच आहे म्हणा. पण ही गाठ नसती तर मी कात्री उचललीच नसती. कुठून आली, देव जाणे."

गिरणीवाल्यानं ती गाठ हातात घेतली. अंगठ्यानं चुरडली, नाकाशी नेली, आणि त्याचा चेहरा बदलला. त्यानं आतल्या दाराकडे बघून हाक मारली, "जुळ्यांनो! बाहेर या."

जुळ्या आल्या. गाठ बघितली. मग एकमेकींकडे बघितलं.

"तो पिठात पडला होता," एक म्हणाली.

"म्हणून आम्ही त्याला पाण्यानं धुतला," दुसरी म्हणाली.

"गिरणीवाल्याच्या पोरी तुम्ही!" बाप कळवळून म्हणाला. "पीठ आणि पाणी एकत्र आलं की काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे?"

रांगेत खसखस पिकली. एक म्हातारी म्हणाली, "कणीक तुझ्या घरची, तर आयाळही तुझ्याच घरची जाऊ दे रे बाबा." त्यावर काही तोड नव्हती. शिवाय गिरणीवाल्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती आणि, नवऱ्याचे केस जाणार या बातमीनं, फारच प्रसन्न दिसत होती.

"फक्त टोकं," गिरणीवाला सलूनच्या खुर्चीत बसताना म्हणाला. त्याच्यासाठी ट्रॅक्टरवाला अर्ध्या दाढीनिशी उठून बाजूला उभा राहिला होता.

"टोकांची मिशी होते," पोस्टमनकाका म्हणाले, "आयाळ नाही."

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीत डोकी होती. न्यूफॅशननं खाली धुतलेली चादर अंथरली आणि कात्री उचलली. इतक्या वर्षांनी ते डोकं त्याच्या हाताखाली आलं होतं. स्वप्नात त्यानं ते कितीदा तरी कापलं होतं, पण त्या स्वप्नात आपण सिंहासाठी कापतोय असं कधी दिसलं नव्हतं.

"काप एकदाचं," गिरणीवाला डोळे गच्च मिटून म्हणाला. "आणि बोलू नकोस. तू बोलायला लागलास की वाट लागते."

न्यूफॅशन बोलला नाही. अवाक्षर बोलला नाही. तांबड्या बटा एकेक करून चादरीवर उतरल्या, तशा मिरचीनं त्या उचलून आईला नेऊन दिल्या. आईनं जुन्या परकराच्या नेफ्याची पट्टी घेतली, तीवर झुबका झुबका ठेवून मशीनवर शिवला, आणि ती पट्टी पाहुण्याच्या मानेवरच्या काळ्या टाक्यांवर पक्की बसवली. इकडे खुर्ची फिरली, तिकडे पाहुणा बाहेर आला. दोघं समोरासमोर आले.

सगळे आधी गिरणीवाल्याकडे बघत होते, मग पाहुण्याकडे बघायला लागले, आणि मग दोघांकडे आळीपाळीनं. आयाळ झकास झाली होती. तिचा भांगसुद्धा आपोआप डावीकडे पडला होता. त्यामुळे सिंह आता हुबेहूब गिरणीवाल्यासारखा दिसत होता. आणि गिरणीवाला कोणासारखाच दिसत नव्हता. स्वच्छ मान, बारीक केस, कपाळ मोकळं, असा एक भला तरुण माणूस आरशात बसला होता.

"आता कसे माणसात आलात," त्याची बायको म्हणाली.

गिरणीवाल्यानं आरशात इकडून बघितलं, तिकडून बघितलं. "ठीक आहे," तो म्हणाला. न्यूफॅशनच्या कानाला याहून गोड वाक्य कोणी ऐकवलं नव्हतं.

मिरचीनं पाहुण्याला छातीशी धरलं, वास घेतला आणि आईला म्हणाली, "मेंदीचा वास येतोय." आईला म्हणाली. बापाला नाही.

सोमवारी शाळेच्या खिडक्यांवर मुलांपेक्षा मोठीच माणसं जास्त होती. एका खिडकीत न्यूफॅशन आणि त्याची बायको, दुसरीत पोस्टमनकाका, आणि दारात, सहज आल्यासारखा, गिरणीवाला. बाईंनी पाहुण्याकडे बघितलं, मग गिरणीवाल्याकडे बघितलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी फोन खडूंच्या डब्याला टेकवून उभा केला.

पडद्यावर शहरातला वर्ग दाटीवाटीनं बसला होता. "मन्या! मन्या! मन्या!" असा एकच गिल्ला चालला होता.

"हा बघा तुमचा पाहुणा!" बाईंनी पाहुण्याला कॅमेऱ्यापुढे धरलं.

गिल्ला एकदम थांबला.

"हा कोण?" एक बारीक आवाज आला.

"आमचा मन्या कुठाय?" दुसरा आवाज.

न्यूफॅशननं खिडकीचा गज घट्ट धरला. ओळखली. पोरांनी बदललेली आयाळ ओळखली.

शहरातले सर पडद्यावर पुढे सरकले. "बाई, काहीतरी घोटाळा झालाय का? हा सिंह आहे. आमचा मन्या मांजर आहे."

"मांजर?" बाई म्हणाल्या.

"मांजर?" खिडकीतून सगळे म्हणाले.

"बघा, मी तेव्हाच म्हटलं होतं," पोस्टमनकाका म्हणाले.

"अहो, पण आमच्याकडे आला तेव्हा याला आयाळ होती!" बाईंनी कपाळ पुसलं. मग त्यांना आठवलं. डोंगरापलीकडच्या शाळेतल्या बाई पाहुण्याला त्यांच्या हवाली करताना बसच्या पायरीवरून ओरडल्या होत्या, "त्याला जरा नवं रूप दिलंय हं, सांभाळून घ्या!" आणि बस सुटली होती. बाईंना वाटलं होतं, धुतला असेल.

"मानेला टाके होते," न्यूफॅशनच्या बायकोनं खिडकीतून सांगितलं. "काळ्या दोऱ्याचे. चांगले गोल फिरून. मुंडकंच निघालं असणार तिकडे. टाके झाकायला लोकर लावली बिचाऱ्यांनी."

शहरातली मुलं मुंडकं हा शब्द ऐकून एकमेकांवर पडली. पुढे बसलेली एक मुलगी रडवेली झाली. बाई इकडेतिकडे बघायला लागल्या, सर काय बोलावं ते शोधायला लागले. आणि तेव्हा मिरची उठली. आज बोलायची पाळी तिचीच होती.

"रडू नकोस," ती पडद्याला म्हणाली. "मी सांगते. तुमचं मांजर आमच्याकडे सिंह होऊन आलं. शनिवारी दुपारी माझ्या बाबांनी त्याला परत मांजर केलं. तेव्हा तो अगदी तुमचा मन्या होता. पण ते आम्हाला कुठं माहीत! म्हणून रविवारी आख्ख्या गावानं मिळून त्याला परत सिंह केलं."

मग तिनं सगळं सांगितलं. कात्री, खळगा, दोरा, गुलाबी लोकर, गिरणीतली आरोळी. ट्रॅक्टरवाल्याची अर्धी दाढी सांगताना तिनं एक गाल झाकून दाखवला. शहरातला वर्ग हसून हसून लोळत होता. ती रडवेली मुलगी सगळ्यात मोठ्यानं हसत होती. ट्रॅक्टर, थैली आणि वजनकाटा केव्हाच मागे पडले होते.

"आणि हे केस खरे आहेत," मिरची म्हणाली. "ते बघा, दारात उभे आहेत ना, त्यांचे."

बाईंनी फोन दाराकडे वळवला. गिरणीवाल्यानं नकळत डोक्यातून हात फिरवला, तिथे काही लागलं नाही, म्हणून नमस्कार केला.

"आणि कापले कुणी?" कोणीतरी विचारलं.

"माझ्या बाबांनी!" मिरची एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की फोन डब्यावरून घसरला. "सलून आहे आमचं!" आणि तिनं सरळ खिडकीकडे बघून शनिवारनंतर पहिल्यांदा बापाला हाक मारली. "बाबा, असे मागं काय उभे राहता? पुढं या, दिसत नाही तुम्ही!"

न्यूफॅशन पुढे आला. त्याच्या नाकावर गजाचा गंज लागला होता आणि डोळे जरा ओले होते, पण बायकोनं कोपरानं ढोसल्यावर तो हसला.

शहरातल्या वर्गानं तिथल्या तिथे हात वर करून मत घेतलं. मन्या आता सिंहच राहणार होता. एकट्या मागच्या बाकावरच्या मुलाचा हात खाली होता. त्याचं म्हणणं, त्याला आता गेंडा करावा.

"नको असेल तर माझे केस मला परत द्या," गिरणीवाला दारातून म्हणाला, पण त्याचं कोणी ऐकलं नाही. त्याच्या शेजारीच त्याची बायको उभी होती, आणि तिनं ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

शेवटी सर म्हणाले, "बाई, तुमच्या गावानं फारच जीव लावला हो पाहुण्याला. असं कोणी करत नाही. आमच्या पाचवीच्या वर्गाचाही एक पाहुणा आहे, त्यालाही कुठेतरी पाठवायचं चाललंय. पुढच्या महिन्यात आधी तुमच्याकडेच पाठवू का?"

"पाठवा ना!" बाई म्हणाल्या. "आनंदच आहे. कोण आहे?"

"मेंढी आहे. मोठी गुबगुबीत, अंगभर छान लोकर."

बाईंनी न्यूफॅशनकडे बघितलं. पोस्टमनकाकांनी बघितलं, गिरणीवाल्यानं बघितलं, मिरचीनं तर कमरेवर हात ठेवून बघितलं.

न्यूफॅशन शाळेचं छप्पर निरखत होता, जणू त्यानं काही ऐकलंच नव्हतं. पण त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं खिडकीच्या गजावर आपोआप उघडत होती आणि मिटत होती. बायकोनं हळूच हात पुढे केला आणि ती दोन बोटं आपल्या मुठीत धरून ठेवली.